जावईबापूंचा महारुख

चिंतामणरावांनी परतवाड्याहून करवत आणली तेव्हा सर्व्हिस मोटरच्या ड्रायव्हरने तिचं वेगळं तिकीट मागितलं, आणि चिंतामणरावांनी ते हसतहसत काढलं. एरवी बाजारात वांग्यांच्या भावावरून हुज्जत घालणारा हा माणूस, पण त्या दिवशी त्यांच्या अंगात वारं शिरलं होतं. करवत माणसापेक्षा लांब होती. तिच्या दोन्ही टोकांना लाकडी मुठी होत्या आणि मोटर वळणावर कलली की ती 'टंग' करून आपलं मत सांगे. शेजारच्या उतारूने जे पाय आखडून घेतले ते अमरावती येईपर्यंत सोडले नाहीत.

मेळघाटात ते गेले होते सुटीची हवा खायला. तिथे जंगलकटाई चालू होती. झाड पाडणाऱ्यांनी आधी जमिनीत एक खुंटी ठोकली, मग मागे जाऊन सागवान असा कापला की तो आडवा होऊन नेमका त्या खुंटीवर पडला आणि खुंटी जमिनीत गेली. चिंतामणराव अमरावतीच्या एका शाळेत सायन्स शिकवत. तरफ, गुरुत्वमध्य वगैरे मंडळींशी त्यांची ओळख जुनी, पण ती सगळी फळ्यावरची. ही मंडळी फळ्यावरून उतरून अशी घाम गाळताना त्यांनी प्रथमच पाहिली. ते इतके हरखले की जेवण निवलं तरी जागचे हलले नाहीत, पाडणाऱ्यांना प्रश्न विचारून त्यांनी भंडावून सोडलं, आणि तिथेच त्यांना आपल्या परसातला महारुख आठवला.

महारुख हे झाड कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याला खाण्याजोगं फळ नाही, त्याखाली देव नाही, त्याच्या सावलीत कुणी खाट टाकत नाही. कुणी लावावं लागत नाही, आपलं आपण वाढतं आणि सरळसोट आभाळाकडे जातं. चिंतामणरावांच्या घरामागचा महारुख कवेलूंच्या, म्हणजे कौलांच्या, छपराच्या वर दोन माणसं गेला होता, आणि वानरांनी त्याचा जिना केला होता. रोज दिवेलागणीला कळप शेजारच्या माडीवरून त्या झाडावर येई, तिथून छपरावर उडी मारी, आणि रमाबाई खाली भाकरी थापता थापता फुटलेल्या कवेलूंचा आवाज ऐकत. दर वैशाखात कवेलू फेरावे लागत आणि ज्येष्ठ उजाडायच्या आत निम्मे फुटत.

आता खरी गोष्ट सांगायची तर प्रश्न कवेलूंचा नव्हता. ते घर रमाबाईंच्या वडिलांचं, म्हणजे शास्त्रीबुवांचं. रमाबाई एकुलत्या एक. लग्नानंतर चिंतामणराव तिथे राहायला आले, त्याला आता कितीतरी वर्षं झाली होती. शास्त्रीबुवा जाऊनही बराच काळ लोटला, पण गल्ली अजून त्या घराला शास्त्रीबुवांचं घर म्हणे आणि चिंतामणरावांना जावईबापू. पोस्टमनही "शास्त्रीबुवांचे जावई" अशी हाक मारी. डोक्यावरचे केस पांढरे झाले, शाळेत तीन हेडमास्तर येऊन गेले, तरी हा माणूस गल्लीच्या दृष्टीने कालच मांडवातून आला होता. या घरात एक तरी गोष्ट आपल्या हातची व्हावी, चारचौघांनी पाहावी आणि आपल्या नावाने सांगावी, ही त्यांची इच्छा. महारुख खुंटीवर पाडायचा, तो त्यासाठी.

रमाबाईंनी विचारलं, वरून फांद्या छाटत छाटत उतरवला तर नाही का चालणार? चिंतामणरावांनी त्यांच्याकडे करुणेने पाहिलं. तसं तर कुणीही करील, ते म्हणाले. मग त्यांनी पाटावर एक दगडी बत्ता उभा करून झाड कसं पडतं ते दाखवलं. ज्या बाजूला पाडायचं त्या बाजूने बुंध्यात खाच घ्यायची. मग पाठीमागून, खाचेच्या जरा वर, करवत घालायची. पण आरपार जायचं नाही, मध्ये बोटभर लाकूड राखायचं. ते राखलेलं लाकूड म्हणजे झाडाची बिजागरी. दार जसं बिजागरीवर फिरतं तसं झाड तिच्यावर फिरतं आणि सांगाल तिथे पडतं. एवढं सांगून त्यांनी बत्त्याला बोट लावलं. बत्ता रमाबाईंच्या पायावर पडला. तो भाग प्रयोगात धरायचा नाही, असं त्यांनी सांगितलं.

परवानगीसाठी ते म्युनिसिपालिटीत गेले. तिथल्या ओव्हरसियरांनी झाडाची उंची ऐकली, पेन्सिल कानावर ठेवली आणि विचारलं की झाड कुणीकडे पडणार. पूर्वेला, परसामागच्या मोकळ्या मैदानात, असं चिंतामणरावांनी अभिमानाने सांगितलं. ओव्हरसियर म्हणाले, सगळे असंच सांगतात. उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या शेजाऱ्यांची खातरी पटली पाहिजे. ती पटली की आमची हरकत नाही. चिंतामणरावांना हे फारच सोपं वाटलं.

उत्तरेला मोरोपंत वकील. त्यांची नवी माडी, माडीला रंगीत काचा. दक्षिणेला जानराव, मोर्शीकडच्या काळ्या जमिनीचे धनी, शहरात मुलांच्या शाळेसाठी घर केलेले. त्यांचा गोठा अगदी भिंतीला लागून. हे दोघे तीन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण असं की एका दाव्यात मोरोपंतांनी जानरावांना साक्षीदार म्हणून उभं केलं होतं. साक्ष कशी द्यायची ते नीट पढवलं होतं. आणि जानराव पिंजऱ्यात उभे राहून सरळ खरं बोलले. दावा बुडाला. तेव्हापासून वकीलसाहेब समोरून आले की जानराव पागोटं सारखं करत, आणि जानराव समोरून आले की वकीलसाहेब चष्मा पुसत. मधल्या चिंतामणरावांच्या ओट्यावर कुणीतरी एकच बसलेला असे.

मोरोपंतांनी सगळी बिजागरी ऐकून घेतली आणि म्हणाले, माझी काही हरकत नाही, फक्त झाडाला माझ्या बाजूने एक दोर बांधा आणि तो माझ्या हातात द्या. झाड दक्षिणेकडे कललं आणि गोठेवाल्याने ते माझ्याकडे लोटलं तर काय घ्या? जानरावही तेच म्हणाले. फक्त त्यांच्या बोलण्यात माडीवाला लोटणार होता. चिंतामणरावांनी गुरुत्वमध्याचा दाखला दिला, तर दोघांनीही वेगवेगळ्या वेळी एकच उत्तर दिलं, की गुरुत्वमध्यावर आमचा भरवसा आहे, शेजाऱ्यावर नाही.

झालं. रविवार ठरला. आदल्या संध्याकाळी रमाबाईंनी बुंध्याला हळदकुंकू वाहिलं, आणि तुझ्यावर जे पाखरू असेल त्याने दुसरीकडे बिऱ्हाड करावं असं हात जोडून सांगितलं. जानरावांच्या मंडळी, आशाबाई, भिंतीवरून पाहत होत्या. त्यांनी ज्वारीचे चार दाणे आपल्याकडूनही टाकले. चिंतामणरावांना रात्री झोप आली नाही. पहाटेच ते मैदानात गेले आणि झाड कुठवर पोचेल ते मापून त्यांनी खुंटी ठोकली. खुंटीला शेंदूर लावला, म्हणजे लांबून दिसावी.

करवतीचं दुसरं टोक धरायला शाळेतले कवायतीचे मास्तर देवीदास आले होते. देवीदास म्हणजे तालमीत मुरलेला गडी. नारळ दंडाने फोडत. मेळघाटातल्या करवतीचा पहिला नियम असा, की आपण फक्त ओढायचं, ढकलायचं नाही. परत न्यायचं काम समोरच्याचं. देवीदासांना हे पटेना. मी ढकलणार नाही तर माझं निम्मं बळ वाया जाईल, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी ओढली आणि तितक्याच उत्साहाने ढकलली, त्यासरशी करवत धनुष्यासारखी वाकली आणि चिंतामणराव पाठीमागच्या तुळशीवृंदावनात बसले. गल्लीतली माणसं एव्हाना भिंतींवर चढून बसली होती. त्यांना वाटलं, सुरुवात झाली.

पण खरोखर सुरुवात झाली तेव्हा मात्र मजा आली. देवीदासांनी ढकलणं सोडलं, करवतीला लय सापडली, खर्र-खर्र करून पांढरा भुसा उडायला लागला आणि महारुखाचा कडवट वास परसात पसरला. पूर्वेची खाच अशी सुरेख निघाली की चिंतामणरावांनी तिचा तुकडा खिशात टाकला. त्यांनी जमलेल्या मंडळींना झाडाच्या उंचीच्या दुप्पट लांब जायला सांगितलं, पळायची वाट तिरपी मागे मोकळी केली, वाटेतली बादली स्वतः उचलली. झाडाच्या शेंड्याखाली तीन दोर बांधले होते. पूर्वेचा दोर देवीदास लांब मैदानात जाऊन ओढणार. दक्षिणेचा जानरावांचा, मोटेचा नवा नाडा. उत्तरेचा मोरोपंतांचा, जिनिंगमधून मागून आणलेला. पाठीमागून करवत आत आत गेली, बोटभर लाकूड राहिलं, चिंतामणरावांनी हात वर केला, देवीदासांनी ओढलं, झाड एकदा कण्हलं आणि पूर्वेकडे थोडं झुकलं.

आणि तिथेच उभं राहिलं.

चिंतामणरावांनी वर पाहिलं. दोन्ही बाजूंचे दोर तारेसारखे ताणले होते. मोरोपंतांनी आपला दोर माडीच्या खांबाला आणि जानरावांनी गोठ्याच्या खांबाला तीनतीन वेढे देऊन धरला होता. आणि दोन्ही खांब झाडाच्या अगदी बगलेत नव्हते, घराच्या बाजूला जरा मागे होते. म्हणजे दोर झाडाला बाजूंना तर धरून होतेच, पण मागेही खेचून होते. दोघांनी एकदम सोडलं तर झाड पूर्वेला जाणार. एकानेच सोडलं तर दुसऱ्याच्या अंगावर. आणि दोघांनी नाही सोडलं तर बोटभर लाकूड कधी दम सोडील आणि झाड भोवऱ्यासारखं फिरून कुठे जाईल, ते कुणालाच सांगता येणार नाही. घर तर पाठीशी चिकटलेलंच होतं.

त्यांनी मोरोपंतांना म्हटलं, सोडा. मोरोपंत म्हणाले, "त्याला आधी सोडायला सांगा. जो भर कोर्टात साक्ष सोडतो, तो दोर सोडणार नाही कशावरून?"

जानरावांनी आधी सोडला तर झाड मोरोपंतांच्याच अंगावर येणार, हे चिंतामणरावांच्या लक्षात आलं, पण वकिलाला तर्क शिकवणं बरं नव्हे. ते जानरावांकडे गेले. जानराव म्हणाले, "जावईबापू, म्या खरं बोललो तं माह्याशी बोलनं सोडलं त्याइनं. आता दोर पहिले त्याइलेच सोडू द्या."

चिंतामणराव उत्तरेकडून दक्षिणेकडे आणि दक्षिणेकडून उत्तरेकडे जाऊ लागले. परसात एक पायवाटच पडली. त्यांनी ठरवलं, आपण आकडे मोजू, तीन म्हटलं की दोघांनी सोडायचं. दोघेही कबूल झाले. तीन झाले आणि दोघेही दुसऱ्याचा दोर सैल होतो का ते बघत राहिले. मग देवीदासांनी शिट्टी वाजवली. शिट्टी ऐकून दोघांनी आणखी एकेक वेढा दिला. दोर कापून टाकावे असं भिंतीवरून कुणीतरी सुचवलं, तर जानराव म्हणाले नाडा नवा आहे, आणि मोरोपंत म्हणाले दोर दुसऱ्याची वस्तू आहे, तिला इजा करणं कायद्याने गुन्हा आहे.

ऊन चढलं. वऱ्हाडातलं वैशाखी ऊन म्हणजे सावलीलाही घाम येतो, पण एकही माणूस भिंतीवरून उतरला नाही. उलट दुसऱ्या गल्लीतली माणसं आली. महारुख तीन दोरांवर उभा आहे ही बातमी बाजारापर्यंत गेली आणि शेंगदाणेवाला टोपली घेऊन मैदानात येऊन बसला. दोघांचेही हात गुंतलेले. आशाबाईंनी जानरावांच्या तोंडात भाकरीचे घास भरवले. मोरोपंतांच्या घरून ताक आलं, ते त्यांच्या पत्नीने पेल्याने तोंडाला लावलं, आणि अर्धं वकिलांच्या मिशीत राहिलं. चिंतामणरावांना कुणीच काही विचारलं नाही. त्यांच्या हातात दोर नव्हता, त्यामुळे त्यांना काम नाही असं सगळ्यांना वाटलं. ते उन्हात उभे राहून त्या बोटभर लाकडाकडे बघत होते. आपल्याच हाताने आपण हे केलं, आणि हे घर आपलं नाही, रमेचं आहे, तिच्या बापाने तिला दिलेली ही एकच गोष्ट आहे, हे त्यांच्या मनात घोळत होतं. घरात जाऊ नको, असं त्यांनी रमाबाईंना बजावलं होतं.

संध्याकाळ झाली. वारा सुटला. आणि मोरोपंतांच्या माडीवर, रोजच्या वेळेला, वानरं आली.

पुढे एक मोठा हुप्प्या होता. त्याने खाली जमलेल्या गर्दीकडे पाहिलं, दोरांकडे पाहिलं, त्याला काही विशेष वाटलं नाही. त्याने उडी मारली आणि तो झाडावर आला. झाड कर्रकन वाजलं. मागून आणखी तीन-चार आली. शेंडा हलायला लागला.  तेवढ्यात चिंतामणरावांना मागच्या दारातून घरात कंदिलाचा उजेड हलताना दिसला. दिवेलागण झाली होती. शास्त्रीबुवांच्या घरात देवापाशी दिवा लागला नाही अशी संध्याकाळ कधी गेली नव्हती, आणि रमाबाई, सांगितलेलं सगळं विसरून, देवघरात गेल्या होत्या. देवघर झाडाच्या बरोबर खाली होतं.

"रमे!"

त्या काळी अमरावतीत भल्या घरचा माणूस चारचौघांत बायकोला नावाने हाक मारत नसे. "अहो, ऐकलं का" किंवा नुसता घसा खाकरणं, एवढ्यावर संसार चालत. चिंतामणरावांच्या तोंडून ते नाव गल्लीने कधी ऐकलं नव्हतं, आणि इतक्या मोठ्याने तर मुळीच नाही. झाड, खुंटी, बिजागरी सगळं टाकून ते धावत सुटले आणि झाडाखालून घरात शिरले.

 मग उत्तरेकडून आवाज आला.

"जानराव."

"जी, वकीलसाहेब."

"आत माणसं आहेत हो. एकदम सोडू."

"सोडा. म्या सोडलाच समजा."

आणि दोघांनीही सोडला. आधी कुणी सोडला याचा निकाल पुढे कधी लागला नाही, कारण दोघेही तो मान दुसऱ्याला देत राहिले. वानरं चीत्कारत दोन्ही बाजूंना उडाली. मैदानात देवीदास दिवसभर ओढून बसलेच होते, ते दोरासकट मागे कोलमडले. आणि महारुख बिजागरीवर असा फिरला, असा सावकाश, असा सरळ, की मेळघाटातल्या माणसांनी पाहिलं असतं तर मान डोलावली असती. धाडकन आवाज झाला, धूळ आभाळात गेली, चिंतामणराव आणि रमाबाई मागच्या दारात उभे होते, रमाबाईंच्या हातात निरांजन तसंच होतं.

धूळ बसली. चिंतामणरावांनी शेंदूर शोधला. खुंटी दिसली नाही. खोड तिच्यावर आडवं पडलं होतं. त्यांचा ऊर भरून आला, आणि ते परसात येऊन ओरडले की खुंटीवर पडला, बघा, नेमका खुंटीवर.

कुणीही पाहत नव्हतं. सगळी गल्ली मोरोपंत आणि जानराव यांच्याभोवती जमली होती. दोघेही एकमेकांच्या तळहातांचे फोड पाहत होते. मोरोपंत सांगत होते की त्या दाव्यात तुमची साक्ष खरी होती, पण जरा हळू बोलायला हरकत नव्हती. जानराव म्हणत होते की म्या हळूच बोललो होतो, जज्जसाहेबांचे कान तिखट. दोघांचे डोळे ओले होते, आणि त्याचं कारण धूळ असं दोघेही सांगत होते. बायका वेगळ्याच विषयावर होत्या. मास्तरांनी बायकोला नावाने हाक मारली, एवढाच तो विषय होता. खुंटीचा कुणी उच्चारही केला नाही.

चिंतामणराव खुंटीवर पडलेल्या खोडाजवळ जाऊन बसले. एवढा दिवसभराचा प्रयोग, एवढी नेमकी भूमिती, आणि साक्षीदार एक नाही. रमाबाई निरांजन घेऊन त्यांच्यामागे आल्या. त्या खाली वाकल्या, खोडाखाली हात घालून चाचपलं, आणि त्यांचं बोट शेंदराने लाल झालं.

"मी पाहिलं," त्या म्हणाल्या. "खुंटीवरच पडला."

चिंतामणरावांना पुरेसं होतं. जवळजवळ पुरेसं होतं.

वानरांचं काय झालं? दुसऱ्या संध्याकाळी कळप माडीवर आला. महारुखाच्या जागी त्यांना आभाळ दिसलं. त्यांनी थोडा विचार केला. मग हुप्प्या माडीवरून भिंतीवर, भिंतीवरून एकच लांब उडी मारून छपराच्या आढ्यावर आला आणि बसला. त्याच्यामागून सगळा कळप आला. पूर्वी ती छपरावरून नुसती जात. आता उतरून बसायला दुसरी जागा उरली नव्हती, म्हणून ती तिथे राहायलाच आली. आढ्यावर रांगेने बसून ती शेपट्या खाली सोडत, आणि फुटणाऱ्या कवेलूंचा आवाज रमाबाई आता दिवसभर ऐकत.

एक दिवस चिंतामणराव ओट्यावर वर्तमानपत्र वाचत बसले होते. कोपऱ्यावर एक अनोळखी माणूस उभा राहून आशाबाईंना पत्ता विचारत होता. त्याला झाड पाडून घ्यायचं होतं. अकोल्याच्या जुन्या शहरात त्याचं घर होतं, दोन्हीकडचे शेजारी भांडकुदळ, आणि अमरावतीला असं काम जाणणारे एक मास्तर आहेत असं त्याच्या कानावर गेलं होतं. चिंतामणरावांनी वर्तमानपत्र खाली केलं.

"चिंतामण मास्तरचं घर व्हय का?" आशाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी हात वर करून दाखवलं. "ते पाहा. ज्याच्या आढ्यावर वानरं बसून राह्यले, ते."

चिंतामणरावांनी घाईघाईने आत जाऊन टोपी घातली. मग बाहेर येऊन ते आपल्या घराच्या दारात उभे राहिले.